धम्म अभ्यास: पाचवे शील आणि आपले अमेरिकेतील घर





मागील काही अंकांत आपण पहिल्या चार शीलांचा अभ्यास केला. या अंकात पाचवे शील घेऊ. हे शील आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. पाठ आहे, अर्थही माहीत आहे, म्हणूनच कदाचित त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. या लेखाची सुरुवात एका धम्मबंधूपासून करतो. त्यांचे नाव, गाव आणि कंपनी सांगणार नाही, पण ही गोष्ट लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे.

आमच्या रविवारच्या वंदनेला ते नियमित यायचे. मागच्या रांगेत बसायचे. त्रिसरण मोठ्याने म्हणायचे, पहिली चार शीले म्हणायचे आणि पाचव्याला गप्प व्हायचे. शेजारी बसणाऱ्या एक-दोघांच्या हे लक्षात आले होते, मलाही आले होते. पण विचारले कोणीच नाही. "त्यांचा खासगी प्रश्न आहे," असे आम्ही मनाशी म्हटले. पुढे ते येणेच बंद झाले. वर्षभराने कळले की ते हॉस्पिटलमध्ये आहेत. भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "दादा, रोज रात्री पीत होतो. सकाळी 'मद्यापासून दूर राहीन' असे बुद्धरूपासमोर कसे म्हणू? चौथ्या शीलात खोटे बोलणार नाही म्हटले आणि लगेच पाचव्यात खोटे बोललो, असे झाले असते. म्हणून गप्प राहायचो. मग वाटले, जो पाच शीले म्हणू शकत नाही त्याने विहारात यायचे तरी कशाला?"

त्या माणसाने दारू पिऊनही चौथे शील जपले होते. आणि आम्ही न पिणारे, सर्व पाहून गप्प बसलेलो होतो. पुढील अभ्यास त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

१. शीलातील शब्द नीट समजून घेऊ

पाचव्या शीलात तीन पेयांची नावे येतात. 'सुरा' म्हणजे धान्य, पीठ वगैरेंपासून केलेली दारू. 'मेरय' म्हणजे फळे, फुले, मध, गूळ यांच्या रसापासून आंबवून केलेली. 'मज्ज' म्हणजे मद आणणारे जे जे काही असेल ते. त्यामुळे "बुद्धांच्या काळात व्हिस्की नव्हती, गांजाच्या गोळ्या नव्हत्या" असे म्हणून सुटका होत नाही. मज्ज या एका शब्दात आजची बिअर, वाइन, वोडका, व्हेप, गमी, कोकेन आणि डॉक्टरांनी न दिलेल्या वेदनाशामक गोळ्या, सर्व येतात.

पण शीलाचे कारण पुढच्या शब्दात आहे: 'पमादट्ठान'. पमाद म्हणजे प्रमाद, गाफीलपणा, सावधपणा सुटणे. ठान म्हणजे जागा, आधार. मद्य हे गाफीलपणाचे ठिकाण आहे, म्हणून त्यापासून दूर राहायचे. येथे देव रागावेल असे म्हटलेले नाही, विटाळ होईल असेही नाही. पहिली चार शीले पाळायला जी जागरूकता लागते, तीच मद्याने जाते. शुद्धीत असताना जो माणूस मुंगीवर पाय पडू देत नाही, तोच नशेत घरातल्या माणसावर हात उचलतो. पाचवे शील हे घराच्या कडीसारखे आहे. कडी निघाली की बाकीचे सामान किती जपले होते याला अर्थ राहत नाही.

आता शेवटचे दोन शब्द पाहा. 'सिक्खापदं' आणि 'समादियामि'. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पाऊल. समादियामि म्हणजे मी ग्रहण करतो, अंगीकारतो. "मी हे पूर्ण साध्य केले आहे" असा त्याचा अर्थ होत नाही. शाळेत नाव घालताना कोणी "मला सर्व येते" असे सांगत नाही. म्हणून जो काल रात्री प्यायला आहे, पण आज प्रामाणिकपणे थांबण्याचा निश्चय करतो आहे, तो पाचवे शील म्हणतो तेव्हा खोटे बोलत नाही. उलट ते म्हणण्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. आमच्या त्या धम्मबंधूंना हे कोणी सांगितले नव्हते.

२. सागत थेरांची गोष्ट

भिक्खूंसाठी मद्यपानाचा नियम कसा झाला, याची हकीकत विनयपिटकात आहे.

सागत थेर हे मोठे सामर्थ्यवान भिक्खू. चेतिय जनपदात अम्बतित्थ नावाच्या ठिकाणी एका आश्रमात भयंकर नाग राहत असे. सागतांनी त्या नागाला वश केले. ही कीर्ती पसरत कोसंबीपर्यंत गेली. तेथील उपासकांना वाटले, एवढ्या थोर भिक्खूंना काहीतरी दुर्मिळ द्यावे. काही उनाड भिक्खूंनी त्यांना सुचवले की कापोतिका नावाची स्वच्छ दारू द्या. मग काय, घरोघरी ती तयार झाली. सागत भिक्षेला निघाले आणि प्रत्येक घरी आग्रह झाला. प्रत्येक घरी ते प्यायले आणि परतताना नगराच्या दारातच कोसळले.

तथागत भिक्खूंसह तेथून जात होते. त्यांनी सागतांना पाहिले. ते पुढे निघून गेले नाहीत, "याला संघातून काढा" असेही म्हणाले नाहीत. त्यांनी भिक्खूंना सांगितले, सागताला उचलून घ्या. त्यांना विहारात आणले गेले. तथागतांकडे डोके करून झोपवले, तर नशेत त्यांनी कूस बदलली आणि पाय तथागतांकडे केले. तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना विचारले: पूर्वी सागत आदराने वागत असे ना? आता तो आदर आहे का? ज्याने नागाशी सामना केला, तो आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी लढू शकेल का? त्यानंतर नियम केला.

या गोष्टीतून तीन धडे घेऊ.

पहिला, व्यसन दुबळ्यांनाच लागते हा समज चुकीचा आहे. नागाला हरवणारा माणूस पेल्यापुढे पडला.

दुसरा, सागतांना दारू शत्रूंनी दिली नाही. श्रद्धावान उपासकांनी, प्रेमाने आणि मानाने दिली. आपल्याकडचे "एक तरी घे रे, माझी शपथ" आठवा. कोसंबीच्या प्रत्येक घराने आपण फक्त एकच पेला दिला असेच म्हटले असेल.

तिसरा, पडलेल्याला बुद्धांनी उचलून विहारात आणले. नियम केला तो त्यानंतर. हेच सागत पुढे तेजोधातूत निपुण असलेल्या भिक्खूंमध्ये अग्र म्हणून गौरवले गेले. अंगुत्तर निकायातील श्रेष्ठ शिष्यांच्या यादीत त्यांचे नाव आहे. दारात पडलेल्या त्या एका दिवसावरून त्यांचे मोल ठरवले गेले नाही.

३. बाबासाहेबांनी हा प्रश्न घरात आणला

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील १७वी दारू न पिण्याची आहे. पण त्यांची ही भूमिका दीक्षेच्या वेळी सुरू झालेली नाही. त्याच्या जवळजवळ २९ वर्षे आधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे, त्यांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केले. स्वच्छ राहा, स्वतःला कमी समजू नका, मुलामुलींना शाळेत घाला, असे सांगताना त्यांनी हेही सांगितले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका.

ज्या काळात स्त्रीला घरात शब्द नव्हता, त्या काळात त्यांनी तिच्या हातातील एकमेव अधिकार ओळखला: ताट वाढण्याचा. दारूचा प्रश्न त्यांनी पुरुषाच्या मर्जीवर सोडला नाही. तो कुटुंबाच्या स्वाभिमानाचा आणि मुलांच्या शाळेच्या फीचा प्रश्न आहे, असे मांडले. गावकुसाबाहेरच्या वस्तीत आणि गिरणगावच्या चाळीत मजुरीचा पैसा कोठे जात होता, हे त्यांनी पाहिले होते. गुलामीत ठेवलेल्या माणसाला दारू थोडा वेळ दुःख विसरायला लावते आणि त्याच दुःखात कायमची ठेवते.

जुलै १९१३ मध्ये ते स्वतः न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. घरापासून दूर, हातात शिष्यवृत्ती, विचारणारे कोणी नाही. त्या तीन वर्षांत त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवस काढले आणि वाचवलेल्या पैशांतून पुस्तके घेतली. आज आपली मुले त्याच वयात या देशात येतात किंवा घर सोडून कॉलेजच्या वसतिगृहात जातात. तेव्हा त्यांना बाबासाहेबांचे हे वय आवर्जून सांगावे.

आणि आपण स्वतःला एक प्रश्न विचारू. १४ एप्रिलला हॉलमध्ये दोन तास वैचारिक भाषणे होतात. त्यानंतर काही जणांची दुसरी बैठक कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये होते. तेथे बाटली उघडते आणि तीही "जय भीम" म्हणून. महाडच्या त्या सभेतील एखादी आजी तेथे आली तर आपल्याला काय म्हणेल?

४. सहा हानी, आपल्या घरात तपासून पाहू

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांचे विनय मानले जाते. तेथे तथागत तरुण सिगालाला मद्याच्या सहा हानी सांगतात. त्या अमेरिकेतील आपल्या जीवनाशी पडताळून पाहू.

धनहानी. येथे ती बाटलीच्या किमतीत दिसत नाही, कारण पगार मोठा असतो. ती नशेत गाडी चालवताना पकडले गेल्यावर दिसते. युटा सोडून सर्व राज्यांत रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, युटात ०.०५. अटक झाली की वकील, दंड, वाढलेला विमा, गेलेला परवाना. व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक संकट असते. अशा अटकेवरून, दोष सिद्ध होण्याआधीच, परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. म्हणजे आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेलेला माणूस नव्या व्हिसाशिवाय परत येऊ शकत नाही.

कलहवृद्धी. शेजारच्या घरी ऐकू जात नाही, कारण येथे घरे दूर दूर आहेत. मुलांना मात्र ऐकू जाते. गॅरेजचे दार उघडले की पप्पा आज कसे आलेत हे ओळखायला सात वर्षांचे मूल शिकते.

रोग. यकृताचे आजार सर्वांना माहीत असतात. कर्करोग फार कमी जणांना माहीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मद्य आणि कर्करोगाच्या संबंधावर खास सूचनापत्र काढले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, अशा सात ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध त्यात सांगितला आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार २०२०-२१ च्या काळात अतिमद्यपानामुळे दरवर्षी सुमारे १ लाख ७८ हजार माणसे मेली.

अपकीर्ती. आपल्यात याचीच भीती सर्वांत मोठी आहे. त्यामुळे रोग लपतो, उपचार लांबतो.

लज्जा सुटणे. नशेत बोललेले शब्द आणि पाठवलेले मेसेज सकाळी परत घेता येत नाहीत.

प्रज्ञा क्षीण होणे. ही शेवटची हानी सर्वांत मोठी आहे. प्रज्ञा, शील, करुणा हा ज्यांचा मार्ग, त्यांनी प्रज्ञाच पेल्यात घालवली तर उरते काय?

५. "आम्ही फक्त सोशल ड्रिंकर आहोत"

आपल्यातील पुष्कळ जण म्हणतील, हा लेख माझ्यासाठी नाही, मी फक्त शनिवारी घेतो. मी वाद घालणार नाही. फक्त मोजा.

अमेरिकेत 'एक ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ते १२ औंस साध्या बिअरमध्ये असते, ५ औंस वाइनमध्ये असते आणि दीड औंस म्हणजे सुमारे ४४ मिली व्हिस्कीत असते. आपल्याकडचा ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे सव्वापेक्षा जास्त ड्रिंक झाले. ७५० मिलीच्या बाटलीत जवळजवळ १७ ड्रिंक असतात. दोघांनी गप्पा मारत एक बाटली संपवली तर प्रत्येकी आठपेक्षा जास्त. यकृत साधारण तासाला एक ड्रिंक निस्तरते. रात्री एकला झोपलेला माणूस सकाळी सातला मुलीला पोहण्याच्या क्लासला नेतो, तेव्हा त्याच्या अंगात रात्रीची दारू शिल्लक असू शकते.

मोजल्यानंतर स्वतःला चार प्रश्न विचारा. ठरवले होते त्यापेक्षा जास्त होते का? कमी करून पाहिले आणि जमले नाही, असे झाले का? घरच्यांपासून बाटली किंवा प्रमाण लपवतो का? सकाळी हात थरथरतात म्हणून, किंवा झोप येत नाही म्हणून घ्यावी लागते का? यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल तर पाठ फिरवू नका. पुढचा भाग वाचा.

आणखी एक मुद्दा. तथागतांनी उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मद्याचा व्यापार आहे. या देशात आपल्यापैकी काहींचे पोट दुकानावर किंवा गॅस स्टेशनवर अवलंबून आहे आणि तेथे बिअर विकली जाते. कोणालाही कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. कर्ज फेडायचे असते, मुले शिकत असतात. पण सम्यक आजीविकेचा विचार मनात जागा ठेवावा आणि जेव्हा पर्याय मिळेल तेव्हा निवडावा.

६. मुले, गोळ्या आणि गांजा

आपल्या मुलांसमोरचा धोका वेगळा आहे. आपण बाटलीचा वास ओळखतो. गोळीला वास नसतो.

फेंटानिल हे वेदनाशामक हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र आहे. बेकायदा बाजारात ते खोट्या गोळ्यांत मिसळले जाते. परीक्षेच्या काळात जागण्यासाठी किंवा घाबरेपणा कमी करण्यासाठी म्हणून मुलगा फोनवरून एक गोळी मागवतो. ती हुबेहूब औषधाच्या गोळीसारखी दिसते. त्याला व्यसन नसते. पहिलीच गोळी शेवटची ठरू शकते. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसे मेली. त्यातील बहुतेक मृत्यूंत फेंटानिलसारखी द्रव्ये होती. २०२४ मध्ये हा आकडा बराच खाली आला, आणि त्यात नालोक्सोनसारख्या साधनांचाही वाटा मानला जातो.

नालोक्सोन हा नाकात मारायचा फवारा आहे. अफूवर्गीय द्रव्याने श्वास मंदावला असेल तर तो श्वास परत आणू शकतो. मार्च २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळण्यास मान्यता आहे. आपल्या विहाराच्या प्रथमोपचार पेटीत तो असावा. तो वापरला तरी ९११ ला फोन करायचाच, कारण फवाऱ्याचा परिणाम काही वेळाने उतरतो. मुलांना स्पष्ट सांगा: मित्र बेशुद्ध पडला तर पळून जाऊ नका, फोन करा. बहुतेक राज्यांत अशा वेळी मदत मागणाऱ्याला कायद्याचे काही संरक्षण आहे. आणि घरी हेही सांगा की, "आम्ही रागावू, पण नंतर. आधी तू जिवंत हवास."

गांजाबद्दल "येथे तर कायदेशीर आहे" असे मुले म्हणतात. अनेक राज्यांत ते खरे आहे. मौजेसाठीचा गांजा संघराज्याच्या कायद्याने मात्र बेकायदा आहे, आणि इमिग्रेशन संघराज्याच्या हातात आहे. नागरिकत्व खात्याने २०१९ मध्येच स्पष्ट केले की राज्यात परवानगी असली तरी गांजाशी संबंध नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतो. पण मुलांना कायद्याचीच भीती घालून थांबू नका. कायदा बदलतो, पमाद बदलत नाही. दुकानात मिळते म्हणून ते मज्ज राहत नाही असे नाही.

७. व्यसन लागले असेल तर

सर्वांत आधी एक सावधगिरी. जो रोज भरपूर पितो, त्याने लेख वाचून किंवा शपथ घेऊन एकदम बंद करू नये. शरीराला सवय झाल्यावर दारू अचानक थांबली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, घाम, झटके, भास होऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. आमचे धम्मबंधू हॉस्पिटलमध्ये पोहोचले ते यामुळेच. लाजेपोटी त्यांनी कोणालाही न सांगता एका शुक्रवारी बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. रविवारी त्यांना झटका आला. निश्चय चांगला होता, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायला हवा होता.

व्यसन हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषधे आहेत. दारूची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधे आहेत. अफूवर्गीय व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन आहेत. २०२३ पासून ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना पूर्वीसारखी खास वेगळी परवानगी लागत नाही. "औषध घेतले तर पाचवे शील मोडेल का?" असे एका उपासिकेने विचारले होते. विनयपिटकात याचे उत्तर आहे. पिलिन्दवच्छ थेरांना वाताचा विकार होता आणि वैद्यांनी तेलात मद्य घालून काढा सांगितला. तथागतांनी परवानगी दिली. काही जणांनी जास्त मद्य घालून गैरफायदा घेतला, तेव्हा मर्यादा घातली: मद्याचा रंग, वास, चव जाणवू नये इतकेच. म्हणजे औषध आणि नशा यांतला फरक अडीच हजार वर्षांपूर्वीच स्पष्ट केला गेला आहे. सावधपणा परत आणणारे औषध पमादाचे ठिकाण होत नाही.

मदत कोठे मिळेल?

१-८००-६६२-४३५७ हा संघराज्याचा मोफत, गुप्त, चोवीस तासांचा फोन आहे. तो उपचारकेंद्र शोधून देतो. मनात जीव देण्याचे विचार असतील तर ९८८ ला फोन किंवा मेसेज करा. ही सेवा जुलै २०२२ पासून सुरू आहे.

नोकरीची भीती असेल तर हे लक्षात ठेवा. १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्यानुसार, ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत पात्र असलेल्यांना उपचारासाठी १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते. व्यसनाच्या उपचाराचे कागद सामान्य वैद्यकीय कागदांपेक्षाही कडक गुप्ततेत ठेवण्याचे नियम आहेत. कंपनीला कळेल म्हणून थांबू नका.

गटाचा आधार फार मोठा असतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून सुरू झाले. आज जवळजवळ प्रत्येक गावात त्यांची मोफत सभा असते. तेथे ईश्वरी शक्तीचा उल्लेख येतो, म्हणून आपल्यातील काही जण जात नाहीत. त्यांच्यासाठी बुद्धांच्या शिकवणीवर चालणारे रिकव्हरी धर्म हे गट २०१९ पासून आहेत आणि ईश्वराचा आधार न घेणारे स्मार्ट रिकव्हरीही आहे. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. भारतातील नातेवाइकासाठी मराठीत उपचार हवे असतील तर डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

भगिनींना एक शब्द. नवऱ्याच्या ऑफिसला "त्यांना ताप आहे" असे खोटे सांगणे, बाटल्या लपवणे, सासू-सासऱ्यांपासून झाकणे हे तुमचे कर्तव्य नाही. त्याचे व्यसन तुमच्यामुळे लागलेले नाही. महाडला बाबासाहेबांनी सांगितलेली ताट न वाढण्याची हिंमत आज या रूपात लागते: झाकणे थांबवणे. आणि हात उचलला जात असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. १-८००-७९९-७२३३ हा कौटुंबिक हिंसेसाठीचा राष्ट्रीय फोन आहे.

८. आपण उपासकांनी काय करायचे

अंगुत्तर निकायात तथागत पाच शीलांना महादान म्हणतात. जो शील पाळतो तो असंख्य प्राण्यांना अभयदान देतो. पाचव्या शीलाकडे या नजरेने पाहा. जो माणूस पीत नाही, तो पत्नीला अभय देतो, रस्त्यावरच्या अनोळखी गाडीवाल्याला अभय देतो. गॅरेजचा आवाज ऐकून धडधडणारे ते लहान काळीज शांत होते. यापेक्षा मोठे दान कोणत्या धनादेशाने देता येईल?

हे दान समाज म्हणूनही देता येते. आपल्या संघटनेच्या कोणत्याही कार्यक्रमात, आणि त्याच्या नावाने होणाऱ्या नंतरच्या बैठकीतही मद्य नसावे. घरी पाहुणा 'नको' म्हणाला तर दुसऱ्यांदा आग्रह करू नये, कारणही विचारू नये. तो कदाचित ९०वा दिवस मोजत असेल. आणि एखादा धम्मबंधू सलग तीन रविवार दिसला नाही, तर कोणीतरी फोन करावा. उपदेशासाठी नको, "जेवायला येता का" एवढ्यासाठी.

आमचे ते धम्मबंधू आता पुन्हा येतात. मध्ये एकदा पाय घसरला. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन केला, "दादा, परत झालं. रविवारी येऊ का?" मी म्हटले, "त्याचसाठी या." ते आले, मागच्याच रांगेत बसले आणि पाचवे शील म्हटले. आवाज लहान होता. शेजारी बसलेल्यांनी स्वतःचा थोडा चढवला.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबासह चर्चा करावी)

१. 'समादियामि' या शब्दाचा अर्थ आपल्या मुलांना आपण आपल्या शब्दांत कसा सांगू?

२. कोसंबीच्या उपासकांसारखा आग्रह आपण कधी केला आहे का? त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आपल्याला माहीत आहे का?

३. आपल्या घरात कोणत्या गोष्टीवर मुले आपल्याशी बोलायला घाबरतात? ते भय कमी करण्यासाठी या आठवड्यात काय करू?

४. गेल्या वर्षभरात विहारात येणे थांबवलेल्या एका व्यक्तीचे नाव आठवा. या रविवारपूर्वी त्यांना फोन करा.

आठवड्याचा अभ्यास: रोज सकाळी पंचशील म्हणताना पाचव्या शीलाजवळ एक श्वास थांबावे. जे आज त्याच्याशी झगडत आहेत, त्यांच्यासाठी मैत्री भावना करावी. मग शील म्हणावे.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. भवतु सब्ब मंगलं.

जय भीम.